चपला काढायची जागा

पिंपरी, १९५५

दादांस मोतीगीरचा नमस्कार.

आपल्या वडिलांच्या, बापूंच्या समाधीला बेल वाहायला येऊ का, असं तुम्ही विचारलंत. पाठवलेल्या पत्रात मी फक्त 'जरूर या' लिहिलं. खरं ते या न पाठवायच्या पत्रात.

आपण गोसावी माणूस जाळत नाही, बसवून पुरतो. कंपनीनं जमीन घेतल्यावर समाधी हलवायला सांगितलं, पण बसलेल्या बापूंना उकरायची माझी छाती झाली नाही. नुसता दगड उचलून मी ओढ्याकाठी रोवला.

बापू कंपनीच्या गेटाखालीच आहेत. कामावर जाताना तेवढ्या जागी मी चपला हातात घ्यायचो. काल साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मोतीगीरकडून शिका! कंपनीला देऊळ मानतो." सगळे हसले.

आज मी चपला घालूनच आत गेलो, दादा.

तुमचा,
मोतीगीर