पहिली टाकी ओतून द्या

अहो,

छकुलीचे कपडे न्यायला आले होते, परत दवाखान्यात निघाले. सलाईन चालूच आहे.

दुपारी फिल्टरवाला येईल. आज त्याला "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून परत पाठवलंत, तर माझ्याशी गाठ आहे. पहिली टाकी भरली की ओतून द्यायची, दुसरीपासून प्यायचं.

आईंना काही बोलू नका. उकळलेलं पाणी लवकर निवावं म्हणून त्या त्यात नळाचं घालत होत्या. सकाळी त्यांनीच मला सांगितलं, आणि तेव्हापासून स्वतः घोटभरही पाणी घेतलेलं नाही.

दुसऱ्या टाकीतला पहिला पेला त्यांच्या हातात द्या. नको म्हणाल्या तर सांगा, सूनबाईने बजावलंय, छकुली घरी आली की पाणी आजीच्याच हातून पिणार आहे.