मशेरीचा वास

लासुर्णे, मंगळवार, दिवेलागण

सुमननं, माझ्या धाकट्या जावेनं, आज पुन्हा मशेरीसाठी तव्यावर तंबाखू भाजली. वास भिंतीवरून आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बारामतीच्या डॉक्टरांनी गालातला पांढरा चट्टा बघून मशेरी बंद करायला सांगितलीय. नाही सोडली तर कॅन्सर होऊ शकतो, हेही सांगितलं. एवढं कळूनही हा वास का ओढतो?

वाचनालयातल्या पुस्तकात लिहिलंय की मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं. सवय जुनी झाली की ते नुसत्या खुणेवरच उसळतं. म्हणजे वास आला की मेंदू धरून चालतो, आता मिळणार.

तेवढ्यात सुमन डबी घेऊन दारात.

"अक्का, चिमूटभर लाव. दात घासून कुणी मेलंय व्हय?"

"डॉक्टर नको म्हणालेत."

"दाजी गेल्यावर तुला हिनंच सावरलं की."

ते खरं आहे. हे गेले तेव्हा बायका दिवसचे दिवस माझ्याजवळ बसायच्या, आणि डबी हातोहात फिरायची. तोच वास. मग मेंदूनं त्या वासाची गाठ कशाशी मारली असेल? मशेरीशी, की जवळ बसलेल्या माणसांशी?

म्हटलं, "डबी घरी ठेवून ये. आन् बस जरा."

"नुसतं बसून काय करू?" म्हणाली. पण आली, बसली.

ओढ काही गेली नाही. पण ती उठेपर्यंत मी बोटाला मशेरी लावली नाही. आता ती गेलीय, आणि मी लिहीत बसलेय.