दोन्ही डाव्या

६ जानेवारी
बाबा गेले. म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीत राहायला गेले, चार गल्ल्या पलीकडे. आई म्हणाली, "कितीतरी जणांचे बाबा परदेशात असतात." मी म्हटलं, ते परत येतात.

९ जानेवारी
काम मात्र मोडलेलं नाही. बाबा दुकानात शर्ट बेततात, आई घरी मशीनवर शिवते – पहिल्यापासून असंच. फक्त आता कापलेल्या कापडाची गाठोडी मी आणते आणि तयार शर्ट मी पोचवते.
आई : "तुझ्या बाबांना सांग, कॉलरला कापड कमी पडतंय."
बाबा : "तुझ्या आईला सांग, पुरवून घे म्हणावं."
दोघं फक्त माझे नातेवाईक, एकमेकांचे कुणीच नाहीत! डोकं फिरतं माझं. पण फेरी चुकवत नाही. गाठोडं आहे तोवर काहीतरी आहे.

१७ जानेवारी
शाळेच्या बाथरूममध्ये रडले. खूप.

२० जानेवारी
एक उद्योग करून ठेवलाय. एकाच निळ्या कापडाचे दोन शर्ट बेतून टेबलावर होते. बाबा गिऱ्हाइकाचं माप घेत होते तेवढ्यात दोन्हींतल्या एकेका बाहीची अदलाबदल केली. घरी आणलेल्या शर्टाला दोन्ही डाव्या!

२१ जानेवारी
आई बाह्यांकडे बघतच राहिली. "ह्यांच्या हातून? शक्यच नाही." चपला घातल्या आणि थेट दुकानात. मी मागोमाग.
बाबांनी दुकानात राहिलेलं दुसरं गाठोडं सोडलं. त्यात दोन्ही उजव्या. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता खरडपट्टी. पण आईला हसू फुटलं, मग बाबांना. आणि हसता हसता आईचे डोळे भरले. बाबा म्हणाले, "तू हो पुढे. आम्ही जरा बोलतो."
बोलतो! आम्ही!

२७ जानेवारी
आई हल्ली रोज दुपारी दुकानात जाते. मला विचारायची भीती वाटते, उगाच दृष्ट लागायची. बाबांचा कप घासून ठेवलाय.

४ फेब्रुवारी
आज बाबांनी गाठोडं दिलंच नाही. घरी आले तर आई जेवणाच्या टेबलावर कापड पसरून स्वतः बेतत होती. बाबांनीच शिकवलंय. आता तिची गिऱ्हाइकं वेगळी, त्यांची वेगळी.
"पोरीला आपल्या दोघांत हेलपाटे नकोत, असं त्या दिवशीच ठरवलं आम्ही," आई म्हणाली. "अगदी एकमताने."