तळघराच्या दारावरचा फलक

मोंतारेल, २४ जानेवारी १९९४

माझ्या भावा गास्पार,

मार्सेयच्या वाऱ्यात तुझे गुडघे फार कुरकुरत नसतील अशी आशा करते. मी ठणठणीत आहे. द्राक्षवेलींची छाटणी निम्मी झाली. बोटं गारठतात, पण कात्री अजून कुणाच्या हाती दिलेली नाही.

आपल्या नगराध्यक्षांनी, त्रिबुयेंनी, सध्या गावाच्या इतिहासाचं खूळ डोक्यात घेतलंय. वेशीच्या कमानीवर फलक लागला, धुण्याच्या कुंडावर लागला. मनोरा किती वेळा जळाला तेही आता पाहुण्यांना वाचायला मिळतं. टेकडीवरच्या प्रार्थनाघराशी पणजोबांच्या काळची हकिगत लिहिली आहे: मुळांना कीड लागून सगळी टेकडी कशी उजाड झाली, आणि अमेरिकी मुळांवर कलमं बांधून लोकांनी ती कशी पुन्हा हिरवी केली. छान लिहिलंय. तू वाचलंस तर तुला आवडेल.

शेवटचा फलक आपल्या तळघराच्या दारावर लागायचा होता.

त्यावर काय लिहिणार, हे तुला सांगायला नको. १९५१ ची सुगी. बाबांनी पिंपावर तीन पेले मांडले. जो टेकडीवरची वाइन ओळखेल त्याला टेकडी. मुलगा चुकला, वीस वर्षांच्या मुलीने ओळखली. गावाला ही गोष्ट फार लाडकी. गाइड पोरी ती सांगतात तेव्हा पाहुण्या बायका टाळ्या वाजवतात, आणि मी हात हलवते.

परवा संत व्हिन्सेंटच्या, आपल्या द्राक्षमळेवाल्यांच्या संताच्या, सणाला मिरवणूक आपल्या अंगणात आली. यंदा मूर्तीचा मान आपल्या घराकडे होता. त्रिबुये गळा साफ करून फलक वाचायला लागले. "पोरीची जीभ" इथपर्यंत आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा. ते खोटं आहे."

"तारीख चुकली का, ऑर्तांसबाई?"

"तारीख बरोबर आहे. मी चुकले."

मग सगळ्यांसमोर सांगितलं. आता तुला सांगते, खरं तर आधी तुलाच सांगायला हवं होतं.

बाबांनी खऱ्या पेल्याच्या बुडाला खडूची खूण केली होती. अंगणात शेजारी जमले, म्हणून ते त्यांना बोलवायला वर गेले. तू तिन्ही पेल्यांचा वास घेतलास आणि माझ्या कानाशी म्हणालास, "मधला. तूही तोच सांग, म्हणजे म्हातारा टेकडी दोघांत वाटेल." एवढं बोलून तू वरच्यांसाठी आणखी पेले काढायला फडताळाकडे वळलास, आणि मी मधला पेला डावीकडे सरकवला, डावा मधे.

मला त्या वेली हव्या होत्या, गास्पार. बाबांनी मला तिथे उभं केलं ते गमतीने. मुलीला टेकडी कोण देतो? अर्धी मिळाली असती, तर लग्नानंतर तीही गेली असती, असं मला वाटलं. बाबा सगळ्यांना घेऊन खाली आले, तेव्हा तू पुन्हा वास न घेता, माझ्याकडे बघून हसत "मधला" म्हणालास, आणि मी "डावा" म्हणाले. बाबा म्हणाले, "तुझं नाक सर्दीपुरतंच!" सगळे खिदळले. आठवड्याभरात तू घर सोडलंस.

तुला कळलं होतं का? बाबांच्या अंत्ययात्रेत तू माझा हात धरून उभा होतास, तेव्हा विचारायचं धैर्य झालं नाही.

परवा अंगणात हे ऐकून म्हातारा रेमों ओरडला, "म्हणजे बेचाळीस वर्षं आम्ही भलत्याच माणसापुढे आदराने टोपी काढली!" लोक हसले. काही हसले नाहीत. त्रिबुयेंनी विचारलं, "मग लिहू काय?" मी म्हटलं, "गास्पारला विचारा, त्याची हरकत नसेल ते लिहा." फलक सध्या त्यांच्या कचेरीत भिंतीला टेकून उभा आहे.

उद्या वकिलाकडे जाते आहे. अर्धी टेकडी तुझ्या नावाने होईल, प्रार्थनाघराकडची, उन्हाची बाजू. नको म्हणालास तरी होईल. मार्चमध्ये वेली तारांना बांधायच्या असतात. तुला यायचं असेल तर तेव्हा ये. तुझी खोली मी आज उघडून झाडून घेतली.

इतकी वर्षं नाताळला आपण एकमेकांना छापील शुभेच्छापत्रं पाठवत आलो. या वेळी दोन ओळी स्वतःच्या हाताने लिही, शिव्या असल्या तरी चालतील.

क्षमा मागणारी, तुझ्यावर कायम जीव असलेली
तुझी धाकटी,
ऑर्तांस