मागची पट्टी

ता. १४, रविवार

चि. धाकट्या,

आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे, घरात दुसरं आहे कोण आता? तुझा गुडघा कसा आहे? पोरांना जवळ घे.

अण्णा जाऊन महिना झाला. तू आलास आणि त्याच दिवशी परतलास, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मला अजून रडू आलेलं नाही. त्यांचे तीन चष्मे निघाले, ते पुसून ठेवले.

नेमबाजी क्लबला शंभर वर्षं होतायत. पुस्तक काढायचंय, आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तीस वर्षं पंचगिरी केली ना, भोगा आता. सुरुवातीला म्हणे झाडाला टांगलेल्या मडक्यांवर पैजा लागायच्या. मग जिवंत कबुतरं उडवायचे. एका सदस्याच्या बायकोने जेवण वाढणं बंद केलं, तेव्हा कुठे मातीच्या चकत्या आल्या. मग कागद, त्यावर काळा गोल, गुण. खंदकात एक माणूस बसून बांबूने गोळीची जागा दाखवायचा. त्याच्या टोपीला भोक पडलं त्या वर्षी नियमांची पहिली वही छापली. कुणाचं काहीतरी गेल्याशिवाय नियम आलेला मला तरी सापडला नाही.

दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्या तर काय, यावर दोन वर्षं तंडले. मग लक्ष्यामागे हळूहळू सरकणारी कागदी पट्टी आली. पुढे भोक एकच दिसलं, तरी सरकत्या पट्टीवर दोन उमटतात. पट्टीवर आधी जागेचा क्रमांक घालायचा. बिनक्रमांकाची पट्टी बाद. हे तुला सांगायला नको, पण पुस्तकात लिहावं लागलं.

आता कागदच नाहीत. यंत्र आवाज ऐकून गुण सांगतं. कोठीतले जुने कागद परवा रद्दीत जाणार आहेत.

चौतीस पानं सरळ लिहिली. पस्तिसाव्याला तुझं वर्ष आलं, निवड चाचणीचं. चहा केला, तो गार झाला, परत केला.

त्या दिवशी पहिल्यांदाच एक बाई पंच होती, आणि सात नंबरवर तिचा भाऊ. सगळे टपून होते. दहा गोळ्या झाल्या, कागदावर भोकं नऊ. तू म्हणालास, "ताई, मागची पट्टी बघ ना." मी म्हणाले, "इथे ताई नाही. पंच म्हण." मग तू म्हणालास, "पंच, पट्टी बघा."

मी बघितली. सगळ्यांसमोर म्हणाले, "नऊच आहेत."

दहा होती, धाकट्या. शेवटची दोन अगदी शेजारी शेजारी, मधोमध. पण पट्टीवर क्रमांक नव्हता. सकाळी घाईत मी घालायचा विसरले होते. दहा म्हटलं असतं तर टपलेल्यांनी पट्टी बघायला मागितली असती, आणि बाईला एवढंही जमत नाही, असं झालं असतं. माझं पद राहिलं. तुझी निवड एका गोळीने गेली, आणि तू परत बंदूक धरली नाहीस.

अण्णांनी आयुष्यभर क्लबच्या बंदुका दुरुस्त केल्या. शेवटपर्यंत म्हणायचे, "बंदूक बरोबर होती, माझ्याच पोराचा हात हलला." मी शेजारी बसून त्यांना औषध द्यायचे. एकदाही तोंड उघडलं नाही. आता त्यांना सांगता येत नाही, याची मला लाज वाटते. बाकी काही वाटत नाही, तेही लिहून टाकते.

पट्टी मला कोठीत शोधावी लागली नाही. ती माझ्या कपाटातच होती, साड्यांखाली. सोबत पाठवतेय. पस्तिसावं पान काल छापायला दिलं. त्यात तुझे दहा आहेत आणि माझं खोटं आहे. अध्यक्ष म्हणाले, "आता कशाला उकरता बाई?" मी म्हटलं, छापा.

पट्टीवर क्रमांक आज घातला. सात. अक्षर थोडं हललंय.

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. ताई म्हणून सही करायला गेले, पण हात धजत नाही.

त्या दिवशीची,
पंच