खांद्यावरचा हात

उस्ताद,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जेद्दाच्या बलदमधल्या, जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून टूलबॅग घेऊन जाताना मी अजून कडेकडेनेच चालतो, तुमच्यासाठी जागा सोडून. तुमची कबर इथेच कुठेतरी आहे. इथे कबरीवर नाव लिहीत नाहीत, आणि तुमच्या पोराला विचारायचं तर आता कोणत्या तोंडाने विचारू? म्हणून कागदावरच बोलतोय.

मी तुमच्या हाताखाली नवखा होतो तेव्हाचा रमजान आठवतो. दिवसभर गच्चीवर एसीचं काम, जीव नुसता कासावीस. रोज्याच्या वेळी कोणाच्या देखत पाणी पिऊ नये एवढं कळत होतं, म्हणून मी बाटली घेऊन संडासात शिरलो. बाहेर येतो तर तुम्ही दारात उभे. कानच धरलात माझा. "संडासात पानी पितोस? मानूस हायस ना तू? लाज नाय वाटत?" मला वाटलं, आता मालकाला, आमच्या कफीलला सांगून मला घरी धाडणार. तुम्ही खोलीत नेलंत, दार लावलंत, आणि स्वतः ग्लास भरून दिलात. तुमचे ओठ कोरडे पडले होते. मी पिईपर्यंत तुम्ही मला शिव्या घालत होतात. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तुमच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची.

आपलं गाव आता ओळखू यायचं नाही तुम्हाला. आधी एक टेम्पो यायचा, भोंगा लावून. मी सुट्टीवर गेलो की आम्ही सगळे हसायचो, चार टाळकी आणि केवढा आवाज म्हणून. मग खांबाखांबावर झेंडे आले, एस.टी. स्टँडसमोर पक्षाचं कार्यालय आलं, आणि ती चार टाळकी म्हणजे आपल्याच शेजारपाजारची पोरं निघाली. कोणाकडून सामान घ्यायचं आणि कोणाकडून नाही, हे ते भोंग्यावरून सांगायला लागले. स्टँडवरच्या तुमच्या बेकरीत गावातले लोक पाव घेत नाहीत आता. तुमच्या माघारी चाची तरीही सकाळी गल्ल्यावर येऊन बसते म्हणे. आणि भोंग्यावरचा आवाज कोणाचा, तर माझ्या मुलाचा. त्याच्या बारशाला तुम्ही इथून चांदीचा वाळा पाठवला होतात. मी फोनवर काही बोलायला गेलो की म्हणतो, "बाबा, तुम्ही तिकडे त्यांच्यात राहून त्यांचेच झालात. इकडे काय चाललंय तुम्हाला नाही कळायचं." मी इथे कोणात राहतो हे त्याला कसं सांगू? खोलीत आम्ही सहा जण, सहाही जणांच्या कानांत इअरफोन. पूर्वी मॅचवरून भांडायचो तरी.

यंदा तो निवडणुकीला उभा राहिला. स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला, वर नेते, खाली तो, आणि कोपऱ्यात मी, 'शुभेच्छुक' म्हणून. बलदमधल्या दुकानाबाहेर आपण दोघांनी काढलेला फोटो आठवतो? हसतानाचा असा माझा तेवढाच आहे. मुलाने तोच घेतला आणि तुम्हाला कापलं. पण फ्लेक्सवाल्याने घाई केली असणार. तुमचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला, फिरोजा खड्याच्या त्या अंगठीसकट.

चाचीचा व्हॉइस मेसेज आला. इतक्या वर्षांत पहिलाच. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि ते बरोबरच आहे. ती म्हणाली, "अरे, तुझ्या खांद्यावर ह्यांचा हात ऱ्हायलाय. पोराला सांग, तेवढा काढू नको. बेकरीत बसल्या बसल्या दिसतो." मी कामावर होतो. शिडीवरून उतरून खालीच बसलो.

मुलाला फोन केला. म्हटलं, "तो हात राहू दे." तो आधी हसला, मग चिडला. "लोक चेष्टा करतायत, बाबा. उद्या नवीन लावतोय." म्हटलं, "मग माझाही फोटो काढ." तर म्हणाला, "बापच सोबत नाही म्हटल्यावर मला कोण मत देईल?" मी लाल बटण दाबलं, उस्ताद. कामाच्या गडबडीत फोन कट झाला असं त्याला वाटू दिलं. दुसऱ्या दिवशी नवीन फ्लेक्स लागला. माझ्या खांद्यावर आता पक्षाचं उपरणं आहे, मी जन्मात न घातलेलं. चाचीला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

काल निकाल लागला. मुलाचा फोन आला, मागे ढोल वाजत होते, ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. "बाबा, आलो निवडून!" लहानपणी पास झाल्यावर सांगायचा तसंच. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, म्हणून लिहितो. मला आनंद झाला, उस्ताद. आणि ही बातमी पहिल्यांदा तुम्हाला सांगावीशी वाटली.