नळीचा काटा की वायरचा काटा

७ एप्रिल १९७४, रविवार
जीपचं इंजिन किती तापलं हे दाखवणारा काटा मेला. आज पक्कं ठरवलं : नवा मीटर मीच घेईन, मीच बसवीन. साळीचं, बायकोच्या बहिणीचं, लग्न मेच्या ५ तारखेले, कामरगावले. नवरदेव शिरपूरहून माह्या जीपमधी येणार, असं मामंजीनं, म्हणजे सासऱ्यानं, चार लोकांत सांगतलं. मोठ्या जवायाचा मान आहे हा! इथं चुकलो तर तो मान धाकल्याच्या घशात गेला.

धाकला म्हणजे नवरदेव देवमन. वायरमन. पगारी नोकर, म्हणून मामंजी दिवसभर त्याचंच नाव घेऊन राह्यले. सात वर्सं माह्या मळ्यातले वांगे खाल्ले, त्याचं काही नाही.

९ एप्रिल
मीटर दोन प्रकारचे. मेकॅनिकल : इंजिनापासून डॅशबोर्डापर्यंत तांब्याची बारीक नळी. इलेक्ट्रिकल : इंजिनात एक बटन पिळायचं, तिथून काट्याले वायर. ड्रायव्हर सोमला म्हणे, भाऊ, मेकॅनिकल घ्या, बॅटरी मेली तरी चालते. याले विचारलं कोणी? इलेक्ट्रिकलच घेणार. फायनल.

११ एप्रिल
मामंजीकडं देवमन भेटला. म्हणे, साडभाऊ, इलेक्ट्रिकल घ्या, अर्थिंग मी पाहून देतो. लग्नाले अजून महिना, अन् मी याचा साडभाऊ!

मेकॅनिकल घेणार. हे सोमल्याचं ऐकणं नाही. तो बॅटरीसाठी सांगून राह्यला होता, मी तत्त्वासाठी घेऊन राह्यलो.

१५ एप्रिल
अकोल्याहून मेकॅनिकल आणला. नळी हातभर जास्त. दुकानदार म्हणे, जास्तीची गुंडाळून ठेवा. गुंडाळायले ते काय लुगडं आहे? मळ्यात हजार पाइप कापले मी. करवत लावली. टोकातून दोन थेंब काहीतरी निघालं. कचरा असंन.

१६ एप्रिल
काटा हलत नाही. माल डुप्लिकेट. सगळे चोर बसले तिकडं.

सोमला म्हणे, भाऊ, त्या नळीत औषध भरलं असते, कापली का मेली. मंग काल काहून बोलला नाही? म्हणे, तुमी बोलू देता कुठं. उद्धट.

२२ एप्रिल
इलेक्ट्रिकल आणला. यात देवमनचं काही ऐकलं नाही, मेकॅनिकल दुकानात उरलाच नव्हता. (होता एक. नाही घेतला.)

बटन पिळताना पाणी गळू नये म्हणून आट्यांवर चांगलं सूत गुंडाळलं, वरून सफेदा थापला. विहिरीवरच्या पंपाले लावतो तसंच. एक थेंब गळला नाही. वायरमनले जमंन का असं?

२४ एप्रिल
मंगरूळले जाऊन आलो. जाताना काटा ‘कोल्ड’वर, येताना ‘कोल्ड’वर. माह्यासारखा चालवणारा असला का इंजिन तापतच नाही. तुळसा म्हणे, एकडाव देवमनले दाखवा ना. बायको कोणाची आहे ही? चार दिवस तिच्यासंग बोलणार नाही.

२५ एप्रिल
बोललो. जेवण वाढत नव्हती.

३ मे
सोमल्यानं बॉनेटवर हात ठेवला. म्हणे, तापून राह्यली, रेडिएटर कुठंतरी गळते, पाणी पाहू द्या. काटा ‘कोल्ड’वर असताना पाणी कायले पाह्याचं? हाताचं खरं की मीटरचं? त्याले तोंडावर सांगतलं : लग्न झालं का तुही सुट्टी. काटा आहे आता, तू कायले पाह्यजे?

५ मे, सकाळी ७
शिरपूरहून निघालो. मुहूर्त अकरा चाळीसचा. वऱ्हाड कालच पोचलं. देवमन मुंडावळ्या बांधून माह्या बाजूले, सोमला मांग. आज साऱ्या कामरगावले दिसंन मोठा जवाई काय चीज आहे ते.

९.५०
कारंजाच्या पुढं चहाले थांबलो. जळका वास. सोमला म्हणे, इंजिनाचा आहे. म्हटलं, तुह्या बिडीचा आहे. देवमन म्हणे, साडभाऊ, काटा शिरपूरपासून हललाच नाही. म्हटलं, तेच तर!

१०.२०
इंजिन जाम. धूर. कामरगाव दोन मैल. काटा ‘कोल्ड’वर.

१०.३५
देवमननं बॉनेट उघडलं. म्हणे, बटनाले इंजिनाच्या लोखंडातून अर्थ भेटला पाह्यजे. तुमी सूत-सफेदा लावून तोच तोडला. इंजिन पेटलं असतं तरी हा काटा हलला नसता. लग्नाच्या दिवशी नवरदेवानं बॉनेटमधी डोकं घालू नये, इतकी अक्कल नाही. सोमला हसला. मी पाह्यलं.

१०.४५
एसटी आली. दोघंही चढले. देवमन दारातून म्हणे, चला ना. म्हटलं, मोठा जवाई एसटीत लोंबकळत मांडवात जात नाही. मामंजी सोता न्यायले येतीन.

१२.१०
लाउडस्पीकर ऐकू येऊन राह्यला. मंगलाष्टकं झाले वाटते. माह्याबिगर लावलंच कसं?

१.३०
मामंजी आले! भर उन्हात, सायकलवर. मी तोंड फिरवलं. म्हणे, जवाईबापू, चला जेवायले.

रुसलेल्या जवायानं पहिल्या खेपेले नाही म्हणायचं, दुसऱ्यालेही नाही म्हणायचं, तिसऱ्याले उठायचं. आमच्याकडची रीतच आहे. सात वर्सांत मामंजी एकडावही चुकले नाहीत. म्हटलं, मी येत नाही.

मामंजी म्हणे, बरं.

मांगच्या सीटवरून देवमनची बॅग काढली, कॅरिअरले बांधली, अन् गेले.

४.१५
दुसऱ्यांदा इचारायले कोणी आलं नाही. सोमल्यानं इचारलं असतं तरी उठलो असतो.